कोण खोकतंय ते सांगते

प्रिय आई-बाबा,

सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, मागे कोण खोकतंय गं, जावयांना बरं नाहीये का, आणि मी कोणी नाही म्हणून विषय उडवला. खोटं नव्हतं ते, माणूस खरंच कोणी नव्हतं. डबल खोकत होता. डबल म्हणजे महिन्यापूर्वी आपल्याकडे आलेला कॉकाटील, अंगानं करडा, डोकं पिवळं, गालावर नारिंगी टिकली आणि डोक्यावर तुरा, जो चिडला की सपाट होतो आणि दचकला की उभा. आणि तो खोकला त्याचा नाहीच, काकांचा आहे. पक्षीवाले काका. काका गेले, आई. मी फोनवर सांगणार होते पण बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवू का" म्हणतात, म्हणून लिहितेय. मोठं होईल, तू चष्मा लावून बाबांना वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

बाबा, तुम्हाला काका आठवत असतील, दिवाळीला पुण्याला आला होतात तेव्हा त्यांच्या गच्चीवर तुम्ही दोघं तासभर रेल्वे मोठी की एसटी मोठी यावर भांडत बसला होतात. तुम्ही मिरज जंक्शनचा अभिमान सोडेनात आणि ते स्वारगेट सोडेनात. शेवटी चहा गार झाला म्हणून काकूंनी दोघांनाही झापलं.

माझी त्यांची ओळख कशी झाली ते मात्र तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, कारण त्यात माझाच मूर्खपणा आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर कंटाळून मी एक जोडी आणली होती, तुम्ही सगळे ज्यांना लव्हबर्ड म्हणता ते. (काकांसमोर असं म्हटलं की संपलं. "लव्हबर्ड आफ्रिकेतला, हा बजी, हा ऑस्ट्रेलियाचा, चुकीचं तिकीट फाडू नका.") तर ती जोडी एका सकाळी पंधरा मिनिटांत गेली. दोन्ही. आदल्या रात्री मस्त बाजरी खाल्लेली, किलबिल चाललेली. कोणीतरी काकांचा नंबर दिला, मी रडत फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न काय, तर "तवा कुठला?" मला वाटलं राँग नंबर लागला. पण तेच होतं. नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवून मी मीटिंगला बसले होते आणि तो रिकामाच तापत राहिला. त्या लेपाची वाफ माणसाला फारशी जाणवत नाही पण पक्ष्याचं फुफ्फुस एवढंसं आणि हवा ओढायची पद्धत आपल्यापेक्षा कितीतरी जोरकस, त्याला तेवढीही पुरते. काका रागावले नाहीत. म्हणाले, तवा फेक आणि रविवारी गच्चीवर ये. तेव्हापासून आपल्याकडे बिडाचा तवा आहे, आई, तू उगाच समजत होतीस की मला तुझ्या हातच्या धिरड्यांची आठवण येते.

गच्चीवर चाळीसेक पक्षी होते. पण खरी गर्दी रविवारी माणसांची असायची. रिक्षावाले, एक बँकेतली बाई, दहावीतली पोरं, एक दाढीवाला कॉलेजचा प्रोफेसर, सगळे आपापला पिंजरा टॉवेलात गुंडाळून आलेले, कोणाच्या मादीची पिसं झडतायत, कोणाचा नर पिल्लांना चारत नाही. काका कोणाकडून एक रुपया घ्यायचे नाहीत. समुद्रफेस मात्र आणायला लावायचे, चोचीला घासायला आणि कॅल्शियमला. आणि कोणी आपला साधा हिरवा पोपट घेऊन आला की हातही लावायचे नाहीत, १९७२ चा कायदा ऐकवायचे आणि वन खात्याचा रस्ता दाखवायचे. मी एकदा आजीच्या मिठूचं सांगितलं, विठ्ठल विठ्ठल म्हणायचा आणि तिच्या ताटातली मिरची पळवायचा, तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "हे बोललीस ते बोललीस, आता परत बोलू नकोस."

एक गंमत सांगते. एकाच्या हिरव्या नरमादीला निळं पिल्लू झालं आणि तो फसवणूक झाल्यासारखा चेहरा करून आला. काका म्हणाले, अरे हिरवा हा रानातला मूळ रंग, निळा आत लपून असतो, दोघांकडून आला तर दिसतो. मग माझ्याकडे बोट केलं. "हिचे आई-बाप बघितलेस का, दोघांचे डोळे काळे, आणि ही बघ घारी." सगळे माझ्या डोळ्यांत वाकून बघायला लागले. आई, तुझ्या आईचे घारे होते हे मी सांगितलं तेव्हा तो माणूस पिल्लू घेऊन शांतपणे घरी गेला.

पण काका म्हटलं की मला ती एकच रात्र आठवते. माझी दुसऱ्या जोडीतली मादी, पिवळी. संध्याकाळपासून पिंजऱ्याच्या तळाशी बसून, पिसं फुगवलेली, शेपटी श्वासाबरोबर वरखाली. अंडं अडकलं होतं. साडेदहाला फोन केला आणि अकराला काका स्कूटरवर दारात, डोक्याला मफलर, हातात बुटाचा रिकामा खोका. खोक्याला भोकं पाडली, वर साठ वॅटचा बल्ब, आत वाटीत गरम पाणी आणि ओला नॅपकिन, डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमचा एक थेंब चोचीच्या कडेला. मी म्हटलं तेल लावू का, पोट चोळू का, नेटवर वाचलंय. "हात लावायचा नाही. आत फुटलं तर ती जाईल." मग आम्ही जमिनीवर बसून राहिलो. काका हिशोब सांगत होते, ही पस्तीस ग्रॅमची, अंडं दोन ग्रॅमचं, म्हणजे साठ किलोच्या बाईला साडेतीन किलोचं बाळ, आणि हिला ना दाई ना माहेर. मध्येच उठून ते बाल्कनीत जाऊन खोकून यायचे. खोक्याच्या अंगावर खोकायचं नाही म्हणून. तीनच्या सुमाराला आत टिक असा आवाज आला, नख वाजल्यासारखा. काकांनी झाकण बोटभर उचललं, पांढरं, करंगळीच्या टोकाएवढं अंडं होतं, आणि ती त्याच्याकडे पाठ करून बाजरी खात होती. काका एवढे हसले की त्यांना परत ठसका लागला. तरी सकाळी डॉक्टरकडे न्यायचंच असं बजावून गेले.

तो खोकला आम्ही सगळ्यांनी ऐकलाय, बाबा. तीन वर्षं. कोणी काही म्हटलं की "एसटीत तीस वर्षं डिझेल आणि धूळ खाल्ली, ती निघतीये बाहेर." आणि आम्ही ऐकून घेतलं. आम्ही, जे पक्ष्याची शेपटी जरा हलली तरी त्यांच्याकडे धावायचो. तेच आम्हाला शिकवायचे की पक्षी आजार लपवतो, थव्यात कमजोर दिसला तर शिकारी त्यालाच उचलतो, म्हणून तो शेवटपर्यंत दांडीवर ताठ बसतो आणि तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून रोज सकाळी वजन करा, पिसांच्या आत सुकलेला दिसत नाही, काटा दाखवतो.

डिझेल नव्हतं ते. पक्ष्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काहींच्या शरीराला तिचं वावडं होतं, फुफ्फुसाला सूज येत राहते, डॉक्टर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सगळ्यांना होत नाही. लवकर कळलं आणि पक्ष्यांपासून लांब गेलं तर माणूस सुधारू शकतो, पण तसंच रेटलं तर फुफ्फुसात व्रण पडून ते कडक होत जातं आणि मग ते मागे फिरत नाही. कॉकाटीलच्या अंगावर तर टाल्कम पावडरसारखी पांढरी भुकटी असते, डबल खांद्यावर बसला की माझा काळा कुर्ता पांढरा होतो. काकांना डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की पक्षी द्या. त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही. मला त्यांचा राग येतो अजून, खरंच येतो. रोज पहाटे तोंडाला काही न बांधता कोरडाच झाडू मारायचे गच्चीवर, उन्हाच्या तिरिपीत ती धूळ दिसायची सोन्यासारखी आणि आम्ही फोटो काढायचो.

तेराव्यानंतरच्या रविवारी सगळे गच्चीवर आलो, पक्षी वाटून घ्यायला. भांडणं होतील असं मला वाटलं होतं, पण काकांनी वही करून ठेवलेली. एसटीच्या वेबिलसारखे रकाने आखलेले, खाना नंबर, नर, मादी, अंडी, पिल्लं, वजन, आणि शेवटी कोणाकडे. जोड्या फोडायच्या नाहीत असं लाल पेनने. माझ्या नावासमोर डबल. काकू वाचत होत्या आणि एकेक जण पिंजरा उचलत होता, कोणी बोलत नव्हतं. शेवटच्या पानावर एक रकाना होता ज्याला खाना नंबर नव्हता. नुसती तारीख आणि वजन. ६३. ६१. ६०. ५७. ५४. काकूंना आधी कळेना हा कुठला पक्षी.

डबल नाव का, तर रात्री पिंजऱ्यांवर चादरी टाकून झाल्या की काका दोन शिट्ट्या मारायचे, डबल बेल, चला. हा तेवढंच शिकला. ते आणि खोकला. आता रात्री लाइट बंद केला की तो अंधारात दोन शिट्ट्या मारतो आणि मग काकांसारखाच, आधी बारीक, मग खोल.

आता मुद्द्याचं. बाबा, परवा फोन स्पीकरवर होता. तुम्ही खोकलात आणि इकडून डबलने उत्तर दिलं. तुम्ही परत खोकलात, त्याने परत. हे हसायला लागले, मला हसू आलं नाही, कारण क्षणभर मला दोन्हीतला फरक कळला नाही. गच्चीवरच्या टाकीखाली तुमची कबुतरं किती झालीत आता? रोज वाटीभर ज्वारी टाकता ना? २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर केवढे चिडला होतात, इतकी वर्षं लोक दाणे टाकतायत, कोणाला काय झालं म्हणून. मी तेव्हा गप्प बसले. आई, आणि तू ती घाण कोरड्या केरसुणीने झाडतेस. आधी पाणी मार, तोंडाला ओढणी नाही तर नीट मास्क बांध. खरं तर झाडूच नकोस, मी माणूस बघते.

शुक्रवारी कोयनेने येतेय. शनिवारी छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्यांना कबुतरांचं आपणहून सांगायचं, विचारतील तेव्हा नाही. साधा खोकला निघाला तर मी तुम्हाला स्वतः ज्वारीचं पोतं आणून देईन, पण टाकायचं लांब, नदीकडे. डबलला बरोबर आणत नाही, दहावीतल्या पोराकडे ठेवतेय, आणि मीही आता त्याचा पिंजरा ओल्या फडक्यानेच पुसते, खिडकी उघडून. नको म्हणायला फोन करू नका, तिकीट काढून झालंय.

आई, बाबांचं वजन मागच्या वर्षी किती होतं ते तुझ्या त्या कॅलेंडरवर लिहिलेलं असेल, जरा बघून ठेव.

तुमची,
घारी