निळी वही

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू दत्तकाची कागदपत्रं मागितलीस आणि मी ‘बघू’ म्हणून विषय बदलला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. परवा रात्री झोप येईना, म्हणून एक जुना जर्मन मूकपट लावला. १९२८ चा ‘आलराउने’. नेमका हाच कसा हाती लागला कोण जाणे.

त्यात टेन ब्रिंकेन नावाचा एक प्राध्यापक आहे. फासावर गेलेल्या खुन्याचं बीज आणि एका वेश्येची कूस यांतून तो कृत्रिम रेतनाने मूल जन्माला घालतो. रक्त वरचढ ठरतं की संस्कार, एवढंच त्याला पाहायचं असतं. फाशीच्या खांबाखाली उगवते, अशी तिकडे समजूत असलेली माणसाच्या आकाराची एक मुळी असते. पोरीला तिचंच नाव, आलराउने! लोकांना सांगायला ती त्याची मुलगी. कॉन्व्हेंटमधून ती पळते, सर्कशीत जाते, पुरुषांना नादी लावते. हे पाहणारा म्हणेल, बीजच तसं. आणि मग एके दिवशी तिला त्याची रोजनिशी सापडते. तिचं काम करणारी नटी ब्रिगिट हेल्म ती पानं वाचते. ज्याला बाप समजत होती, तो इतकी वर्षं टिपणं काढत होता.

मला पुढे बघवेना. मी तिथेच बंद केला.

तू नऊ वर्षांची असताना आत्याच्या पर्समधून पन्नास रुपये घेतले होतेस, तेलखडूंसाठी. आजी म्हणाल्या, “शेवटी रक्त बोलतंच.” मी त्यांच्याशी कडाकडा भांडले, दोन दिवस धड जेवले नाही. पण त्याच रात्री, ज्या निळ्या वहीत तुझे डोस, तुझे दात, तुझं पहिलं वाक्य लिहिलंय, तिच्यात मी लिहिलं : ‘हे कुठून आलं असेल?’ तुझ्या आत्येभावाने तेच केलं असतं तर मी कान धरला असता आणि विसरले असते. वहीत काही लिहिलं नसतं.

त्याच जर्मनीत पुढे पाचच वर्षांनी, १९३३ मध्ये, आनुवंशिक दोष ठरवून सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला. सुमारे चार लाख माणसं त्यात भरडली गेली. आजींचं ते वाक्य तिथे सरकारी शिक्क्यानिशी घराघरात गेलं. हे वाचलं आणि माझी ती एक ओळ मला फार जड झाली गं.

उरलेला चित्रपट काल पाहिला. प्राध्यापक धुळीला मिळतो. ती त्याच्या भाच्याचा हात धरून निघून जाते. मला बरं वाटलं.

कागदपत्रं फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. निळी वहीही तिच्यातच ठेवलीय. ते पान फाडलेलं नाही, खोडलेलंही नाही. दिवाळीला आलीस की दोन्ही तुझ्या हातात देते. वाचताना मी शेजारी बसू की आत जाऊ, ते तू सांग.

तुझी,
आई