वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

पुणे,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

परवा फोनवर बाबांनी सांगितले की मुंबईचे ते गृहस्थ घरी कागद ठेवून गेले आहेत, बुधवारी पुन्हा येणार आहेत, आणि सही झाली की पुढचे सगळे तेच पाहणार आहेत. त्यावर मला फक्त ‘थांबा’ एवढेच म्हणता आले. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, मी आवाज चढवला की मी चिडले असे त्यांना वाटते, आणि सांगायचे ते राहून जाते. म्हणून सविस्तर लिहीत आहे. बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचावे आणि बुधवारपूर्वी वाचावे.

आजाराचे निदान कसे झाले ते आधी आठवून पाहू, कारण वकील निवडतानाही मला तीच आठवण उपयोगी पडली. तालुक्याला सहा महिने क्षयाची औषधे झाली, थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी दम वाढतच गेला. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र छातीला नळी लावण्यापूर्वी विचारले, “काम कुठे करत होता? कोणत्या खात्यात?” बाबांनी गोण्या फोडून तंतू पिंजण्याच्या खात्याचे नाव घेतले तेव्हाच त्यांच्या मनात अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, आला होता, सीटी स्कॅनने नंतर त्यावर शिक्कामोर्तब केले. धूळ छातीत गेल्यावर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी हा आजार डोके वर काढतो, आणि तोवर कारखाना, साहेब, हजेरीबुक सगळे पांगलेले असते. या दाव्याची खरी अडचण तीच आहे, आणि ती ज्याला पहिल्या भेटीत कळते तोच वकील आपल्या कामाचा, असे माझे मत झाले आहे.

आता त्या गृहस्थांविषयी. त्यांनी तुमच्यापुढे तीन गोष्टी ठेवल्या: परदेशातील निधीतून कोटभर रुपये, मिळालेल्या रकमेतील चाळीस टक्के त्यांचे, आणि त्यासाठी मुखत्यारपत्र व सगळे मूळ कागद त्यांच्या हवाली. यातील दुसरी गोष्ट एकटीच पुरेशी आहे. भारतात वकिलाने निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे बार कौन्सिलच्या नियमांना मंजूर नाही, आणि दारोदार जाऊन पक्षकार गोळा करणेही मंजूर नाही. अमेरिकेत टक्केवारीवर दावे चालतात, तिथे दिवाळखोर कंपन्यांच्या मालमत्तेतून उभे राहिलेले निधीही आहेत. त्याचेच वर्णन ऐकून हे गृहस्थ ते पाटण तालुक्यात विकायला आले असावेत. तिथेही त्या विशिष्ट कंपनीच्या मालाशी किंवा कारखान्याशी आपला संबंध होता, हे पुराव्याने दाखवावे लागते. म्हणजे ते गृहस्थ एक तर वकील नाहीत, किंवा वकील असून पहिल्याच दिवशी नियम मोडत आहेत. दोन्ही परिस्थितीत त्यांच्या हाती मुखत्यारपत्र देणे मला धोक्याचे वाटते. वकीलपत्राने वकील तुमच्या वतीने कोर्टात उभा राहतो; मुखत्यारपत्राने मात्र समोरचा माणूस त्यातील मजकुराप्रमाणे तुमच्या नावाने तडजोड करू शकतो, पैसे उचलू शकतो. हा फरक त्यांनी तुम्हाला सांगितला होता का?

आपल्या चुलतभावाचे नाव बाबांनी सुचवले, त्याबद्दल मला सावधपणे लिहावे लागत आहे, कारण तो आपला आहे आणि प्रामाणिकही आहे. सातबारा, वाटणी, बांधाचे तंटे यांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. परंतु त्याने मला सांगितले की तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा टाकू. मी ते टिपून घेतले आणि नंतर जाणकारांना विचारले. कामगार नुकसानभरपाईचे जे प्रश्न त्यासाठी नेमलेल्या आयुक्ताने ठरवायचे आहेत, ते दिवाणी न्यायालयाला ऐकताच येत नाहीत, असे १९२३ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. चुकीच्या दारात गेलेला अर्ज वर्षे खातो, आणि बाबांच्या वयात वर्षे देणे आपल्याला परवडणार नाही. त्याला वाईट वाटणार नाही अशा शब्दांत मी त्याला कळवले आहे. कागदांच्या साक्षांकित प्रती काढण्याचे काम त्यानेच आनंदाने अंगावर घेतले.

तिसऱ्या वकील या परळच्या एक बाई आहेत. कामगार न्यायालयातच त्यांची हयात गेली आहे. जुन्या युनियनमधल्या काकांनी त्यांचा पत्ता दिला. मी गेल्या शनिवारी जाऊन त्यांना भेटले. त्यांनी सल्ल्याचे १,५०० रुपये घेतले, पावती दिली, आणि तासभर जवळजवळ फक्त प्रश्नच विचारले. कोणते खाते, किती साल ते किती साल, पाळी कोणती, खाते बदलले का, तोंडाला फडके होते की मुखवटा, कारखान्यात छातीचा फोटो काढत असत का. मला पुण्याचे डॉक्टर आठवले.

मग त्यांनी विचारले की ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, नंबर होता का, आणि होता तर कोणत्या सालापर्यंत पगारातून वर्गणी कापली जात होती. हा प्रश्न आधीच्या दोघांपैकी कोणीही विचारला नव्हता, आणि सगळा दावा याच प्रश्नावर कलतो. जो कामगार ईएसआयखाली विमाधारक होता, त्याला त्याच आजारासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागण्यास ईएसआय कायद्याच्या कलम ५३ ने बंदी होती. त्याचा मार्ग ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाकडून जातो, मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते, आणि त्यावरून दरमहा रक्कम मिळते. जो विमाधारक नव्हता, त्याचा मार्ग नुकसानभरपाई आयुक्ताकडे. बाबांच्या बाबतीत गुंता असा की ईएसआयला पगाराची कमाल मर्यादा असे. १९९२ पासून ती ३,००० रुपये होती आणि १ जानेवारी १९९७ पासून ६,५०० झाली. त्यामुळे ओव्हरटाइम सोडून बाबांचा पगार त्या काळात किती होता, यावर ते मध्यंतरी बाहेर पडले आणि पुन्हा आत आले का, हे ठरेल. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि हे दोन्ही जुने कायदे त्यांत सामावले गेले आहेत. १९७३ ते २००२ या काळातील धुळीला जुना कायदा लावायचा की नवा, हा मुद्दा समोरची बाजू नक्की काढेल, असे बाईंनी स्वतःहून सांगितले. गोड बोलण्यापेक्षा मला हे अधिक धीराचे वाटले.

बाबांच्या मनात दोन भीती आहेत, त्या मी बाईंपुढे मांडल्या. पहिली, स्वेच्छानिवृत्तीच्या वेळी ‘आता माझे काहीही येणे नाही’ अशा कागदावर केलेली सही. बाई म्हणाल्या, तो कागद आणा, पण त्याने झोप उडवून घेऊ नका. कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा करार १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. दुसरी, दावा लावण्याची मुदत. दोन वर्षांची मुदत होती हे खरे, मात्र या आजारात ती कारखाना सोडल्याच्या दिवसापासून सरसकट मोजत नाहीत, आणि सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्ताला आहे. निदानाची तारीख असलेला कागद म्हणूनच महत्त्वाचा. क्षयाच्या औषधांचे जुने कागदही फेकू नयेत, कारण उशीर का झाला याचे उत्तर त्यांतच आहे.

पैशाविषयी त्यांनी जे सांगितले ते बाबांना आवडणार नाही, तरी लिहिते. जुन्या कायद्याच्या तक्त्यात ६५ आणि त्यापुढील वयाचा गुणक ९९.३७ आहे. हिशेबासाठी धरायचा महिन्याचा पगार २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० रुपये, त्याचे साठ टक्के ९,०००, त्याला या गुणकाने गुणले की संपूर्ण आणि कायमचे अपंगत्व धरले तरी आकडा ८,९४,३३० रुपयांपर्यंत जातो. बाबांचे अपंगत्व अंशतः ठरले तर त्यातील तेवढा हिस्सा. याखेरीज सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने बाधित ठरवलेल्या कामगाराला कारखान्याने एक लाख रुपये द्यावेत असे म्हटले होते. त्याचा आज आधार घेता येईल का, ते त्या पाहणार आहेत. कोट कुठेच नाहीत.

परदेशी दाव्याचा विषयही मी काढला, कारण बाबा तो सहजी सोडणार नाहीत हे मला ठाऊक आहे. बाईंनी दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण दिले. तिथल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींतील तीन हजारांहून अधिक लोकांनी केप या ब्रिटिश कंपनीवर इंग्लंडमध्ये दावा लावला. तो तिथे चालवता येईल का एवढाच प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि जुलै २००० मध्ये कामगारांच्या बाजूने सुटला. पुढे २ कोटी १० लाख पौंडांची तडजोड ठरली, ती कंपनीला पाळता आली नाही, आणि २००३ मध्ये सुमारे ७,५०० जणांसाठी ७५ लाख पौंड हाती आले. माणशी सरासरी हजार पौंड. निकालाची वाट पाहताना त्यांतील अनेक जण गेले होते. तेथे निदान मूळ कंपनी इंग्लंडची होती. आपल्या कारखान्याची मालकी बाबांच्या काळात कोणाकडे होती, ते कागदावरून आधी पाहावे लागेल.

त्याच १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी, असा आदेश आहे. बाईंनी समोरच बोटांवर मोजले: १९७३ पासून ४० म्हणजे २०१३, २००२ पासून १५ म्हणजे २०१७. दोन्ही उलटून गेली. कारखान्याने ‘नोंदी उरल्या नाहीत’ असे उत्तर दिले तर आपल्याला फारसे काही म्हणता येणार नाही, आणि मग पुरावा म्हणजे माळ्यावरची आपली हिरवी ट्रंक. म्हणूनच मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, परळच्या बाईंच्यासुद्धा. त्यांनीच तसे बजावले. त्यांना प्रती पुरतील, मूळ कागद साक्षीच्या दिवशी आपण घेऊन जाऊ. अर्ज बाबा राहतात त्या भागातील आयुक्ताकडेही करता येतो, त्यामुळे दर तारखेला मुंबईची दगदग होणार नाही. फी त्यांनी टप्प्याटप्प्याने सांगितली आहे आणि ती लेखी देणार आहेत. ती झेपणार नसेल तर युनियनचा पदाधिकारीही कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हेही त्यांनीच सांगितले. आपली फी बुडेल असा सल्ला देणारा वकील मला तरी रोज भेटत नाही. फी मी आणि दादा निम्मी निम्मी भरू. त्यावर बाबांनी वाद घालू नये.

पुण्याच्या डॉक्टरांनाही मी एक विनंती केली आहे. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हा आजार आढळला, किंवा नुसता संशय आला, तरी डॉक्टरांनी ते कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचे असते. ती सूचना गेली की बाबांच्या आजाराची सरकारदप्तरी नोंद होईल. डॉक्टरांनी होकार दिला आहे.

आता आईसाठी. आई, बाबांचे कामाचे कपडे तू एकोणतीस वर्षे आधी झटकून मग भिजत घालत होतीस, आणि ती पांढरी भुकटी चाळीच्या खोलीत उन्हाच्या तिरिपेत तरंगताना मी लहानपणी पाहिलेली आहे. हे बोलता बोलता निघाले तेव्हा बाईंनी लिहिणे थांबवून विचारले, “आईंना खोकला आहे का?” कामगारांचा कायदा तुला लागू होत नाही, कारण तू कामगार नव्हतीस; तुझा मार्ग वेगळा आणि बराच अवघड असेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण दाव्याचे नंतर पाहू. बाबांबरोबर तूही आधी छातीचा फोटो काढून घे. “मला काय धाड भरली आहे,” हे उत्तर मी या वेळी ऐकणार नाही.

दादा गुरुवारी पहाटे गाडी घेऊन येईल. त्याच्यासोबत ट्रंक घेऊन दोघांनीही पुण्यास यावे. शुक्रवारी डॉक्टर आणि शनिवारी परळ, अशी वेळ ठरवली आहे. बाबांनी स्वतः बाईंशी बोलावे, मनाला पटले तरच वकीलपत्रावर सही करावी. मी पाहिले, बोलले, तरी दावा बाबांचा आहे. बुधवारी ते गृहस्थ आले तर चहा जरूर द्यावा आणि ट्रंकेची किल्ली आईने आपल्यापाशी ठेवावी.

आपली लेक

ता. क. ट्रंकेत १९९६ आणि १९९७ सालची पगारपत्रके आधी शोधावीत. माझ्या आठवणीप्रमाणे ती भविष्य निर्वाह निधीच्या पावत्यांखाली, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या पाकिटात आहेत.