शिंपला उभा खोचायला शिकवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

"एवढं काय केलं मी?" असं तुम्ही म्हणणार, ठाऊक आहे. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कॉपरबँड बटरफ्लायफिश हा मासा घरी आणला तेव्हा मी फक्त त्याचं रूप पाहिलं होतं. पांढऱ्या अंगावर नारिंगी पट्टे, पाठीवरच्या परावर मागच्या बाजूला काळा खोटा डोळा आणि चिमट्यासारखं लांब तोंड. दुकानात तो खातो का, हे विचारायचं असतं एवढीही अक्कल नव्हती. सहा दिवस त्यानं कशालाच तोंड लावलं नाही. मी घाबरून आणखी खाणं टाकत गेले, ते खडकांमागे कुजलं आणि पाण्यातला शून्यावर असलेला विषारी अमोनिया वर चढला. सातव्या रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा अगदी रडकुंडीला आले होते.

तुम्ही विचारलंत, "खात नाही हे कळलं. पण बघतो का?"

बघतो म्हणजे?

"फटींत डोकावतो, की कोपऱ्यात नुसता उभा असतो?"

डोकावत होता. "मग अजून वेळ गेलेली नाही," म्हणालात, आणि त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाण्याचा खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन हजर. माझा काट्याचा हायड्रोमीटर १.०२५ दाखवत होता, तुमच्यात निघालं १.०२१. काट्याला चिकटलेले बारीक बुडबुडे मला कधी दिसलेच नव्हते. माशाच्या परांवरचे पांढरे ठिपके रोगाचे समजून मी तांब्याच्या औषधाची बाटली आणून ठेवली होती. भिंगातून पाहिलंत, तर स्किमरमधून, म्हणजे फेस करून पाण्यातला मळ काढणाऱ्या यंत्रातून, सुटलेले तेही बुडबुडेच! बाटली तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलीत. ते औषध त्या टाकीत पडलं असतं तर कोळंब्या आणि प्रवाळ दोन्ही गेले असते. पाणी थोडं थोडं बदललंत, खारेपणा काही दिवसांत हळूहळू वर आणायला सांगितलीत आणि त्याच्यावर धावून जाणाऱ्या पिवळ्या टँग माशाला जाळीच्या पेटीत बसवलंत.

मग शिंपला. गोठवलेला शिंपला वितळवून उघडलात, त्याच्या मांसात मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दाबलंत आणि आडवा न ठेवता खडकाच्या फटीत उभा खोचलात. समुद्रात हा फटींतून किडे आणि बारीक कोळंबी उपसून खातो, प्रवाहात तरंगणारं त्याला खाणं वाटतच नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला माझ्या सहा दिवसांच्या उधळपट्टीची लाज वाटली. दिवा मंद करून आपण दोघं जमिनीवर बसलो. तो आला. आधी डावा डोळा, मग उजवा. मागे सरकला. पुन्हा आला, तोंड आत घातलं आणि अंगाला झटका देऊन मांसाचा एक धागा ओढून काढला. तुम्ही माझा हात इतका घट्ट दाबलात की मीच ओरडले असते!

पाच महिने झाले. उपासानं पडलेली डोक्यामागची खोबण भरलीय. दिवसातून तीनदा थोडं थोडं खातो, आता तरंगणारं मायसिससुद्धा. कोपऱ्यातले ऐप्टेशिया, म्हणजे टाकीत माजणारी उपद्रवी समुद्रफुलं, एकेक करून संपवलेत, तेही कुणी न सांगता. सुक्या गोळ्यांकडे मात्र अजून ढुंकूनही बघत नाही. त्याबाबतीत तुमच्यावर गेलाय.

जाताना बोलणीही खाल्ली होती मी. "समोर खाताना पाहिल्याशिवाय मासा घ्यायचा नाही. आणि नुसत्या प्रवाळावर जगणारे बटरफ्लाय कितीही देखणे असोत, ते समुद्रातच राहू देत." तेव्हा तोंड पाडलं होतं मी, कारण त्यातलाच एक मनात भरला होता. तो घेतला नाही, काका.

तुमचा रिफ्रॅक्टोमीटर अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून द्यायचा विचार होता, पण तुम्हीच या घ्यायला. शिंपला वितळवून ठेवते, खोचायचा तुम्ही.