तुकडे कुणी टाकून दिले नाहीत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप आल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. देवळाच्या गाभाऱ्याला टाइल्स, बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइल पेंट. कमिटीतले सगळे एका बाजूला आणि तू एकटा "जरा थांबा" म्हणतोयस. शेवटी तू विचारलंस, "तिकडे एवढ्याशा गावात जुन्या वास्तू कशा टिकतात रे? नुसत्या कायद्याने?" फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

मी राहतो त्या स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजपासून थोड्या अंतरावर, सॉल्वेच्या खाडीकाठी रथवेल नावाची पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका देवळाभोवतीचा गावटापू समज, चार वस्त्या आणि बाकी शेतंच शेतं. पॅरिशचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिली १९३० मध्येच बंद झाल्या, पण संरक्षित इमारतींची नोंद आजही पॅरिशच्या नावाखालीच सापडते. स्कॉटलंडभर अशा सुमारे ४७,००० नोंदी आहेत. त्यांच्या ए, बी आणि सी अशा तीन पायऱ्या. किल्ले आणि चर्च आहेतच, पण पूल, गोठे, कबुतरखाने, मैलाचे दगड, लाल टेलिफोनच्या पेट्यासुद्धा आहेत. एकदा नोंद झाली की बाहेरच्या भिंतीइतकंच आतलं लाकूडकामही संरक्षित. आताच्या स्थानिक कौन्सिलच्या परवानगीशिवाय त्या वास्तूचं रूप बदललं तर तो गुन्हा. कायदा इतका कडक आहे खरा, पण रथवेलची गोष्ट कायद्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

तिथल्या लहानशा चर्चमध्ये एक दगडी क्रूस आहे, साडेपाच मीटर उंच, आठव्या शतकातला. आत शिरल्यावर पहिल्यांदा तो पुरता दिसतच नाही. छताखाली मावावा म्हणून जमीन खोल करून त्याला उभा केलाय, त्यामुळे पायथा पाहायला खाली वाकायचं आणि माथा पाहायला मान वर करायची. पुढच्या-मागच्या बाजूंना येशूच्या कथेतले प्रसंग. एकात एक स्त्री त्याचे पाय आपल्या केसांनी पुसतेय. तिचा हात अंगाच्या मानाने केवढा तरी मोठा कोरलाय, आणि नजर तिथेच खिळते. कडेच्या बाजूंवर द्राक्षाची वेल चढत गेलीय, वळणावळणावर पक्षी आणि प्राणी, फळं खाताना. त्या वेलीच्या काठाने रून नावाच्या जुन्या लिपीत एका कवितेच्या ओळी आहेत. त्यात क्रूस स्वतः बोलतो, राजाला मी उचलून धरलं म्हणून सांगतो. दगडाला वाचा फुटलेली मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिली.

हाच क्रूस पुढे फोडला गेला. १६४० मध्ये स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेने मूर्तिपूजेची चिन्हं पाडायचा हुकूम काढला आणि दोनेक वर्षांत याचे तुकडे झाले. पण हुकूम पाळणाऱ्या त्या गावाने तुकडे टाकून दिले नाहीत. काही चर्चमध्येच पडून राहिले, लोक प्रार्थनेला येऊन त्यांच्यावर बसायचे. पुढे ते बाहेर दफनभूमीत गेले, ऊनपाऊस खात राहिले.

१७९९ मध्ये हेन्री डंकन नावाचा पाद्री इथे आला. १८१८ पासून त्याने तुकडे जमवायला घेतले. त्याने लिहून ठेवलेली एक हकिगत मी कधी विसरणार नाही. गावातलं एक गरीब जोडपं एकदोन दिवसांच्या अंतराने वारलं. दोघांना एकाच खड्ड्यात ठेवायचं म्हणून खड्डा नेहमीपेक्षा खोल खणला, आणि तळाशी क्रूसाचा एक मोठा तुकडा लागला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

१८२३ मध्ये डंकनने आपल्या घराच्या बागेत क्रूस उभा केला. आडवी फळी मिळाली नव्हती, ती नवी घडवून घेतली. आणि अगदी वरचा दगड त्याच्याकडून उलटा बसला, पुढची बाजू मागे. अभ्यासकांना हे केव्हाचं माहीत आहे, तरी तो दगड आजही तसाच आहे. मला हे फार पटतं. फुटल्याच्या खुणा, नवी फळी, उलटा दगड, हे सगळं आता त्या क्रूसाच्याच आयुष्यातलं आहे. पुसून गुळगुळीत केलं तर आठव्या शतकातला क्रूस काही परत येणार नाही, मधली हजार वर्षं मात्र हातची जातील.

त्याच डंकनने १८१० मध्ये याच गावात बचत बँक काढली. मोठ्या बँका दहा पौंडांखाली दारात उभं करत नसत, इथे सहा पेन्स ठेवता यायचे. पहिल्या वर्षी १५१ पौंड जमले. पैशांच्या पेटीला तीन कुलपं होती, तिघे एकत्र आल्याखेरीज ती उघडायची नाही. आपल्या देवाच्या दागिन्यांची पेटी पंचांसमोरच उघडतात, ती आठवली मला. ही बँक जिथे चालली ते बैठं घरही राखलं गेलं. बाहेरून पाहिलंस तर कुणाचंही वाटेल असं साधं घर.

१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. तत्त्वासाठी डंकनने पद सोडलं, घर सोडलं, हाताने लावलेली बाग सोडली. क्रूस बागेतच राहिला, कारण तो त्याचा नव्हता, पॅरिशचा होता. पुढे १८८७ मध्ये गावाने चर्चच्या भिंतीला खास अर्धगोल दालन काढून त्याला आत घेतलं. आता त्याची देखभाल सरकारी संस्थेकडे आहे. पण सरकार आलं तोवर दगड टिकला तो गावाने ठेवला म्हणून.

आता तुझ्या सिमेंटचं. इकडे लाल वालुकाश्माच्या जुन्या भिंतींचे सांधे चुन्याचे असत. चुना ओल बाहेर सोडतो. गेल्या शतकात मजबुतीच्या नावाखाली पुष्कळ ठिकाणी सांधे सिमेंटने भरले गेले. ओल आत कोंडली, हिवाळ्यात गोठून फुगली आणि दगडाचे पापुद्रे सुटले. अशी एक भिंत माझ्या रोजच्या वाटेवर आहे. सिमेंटच्या रेघा चौकटीसारख्या बाहेर आल्यात आणि मधला दगड बोटभर आत झिजलाय. हात फिरवला की तळव्याला तांबडी वाळू लागते. आपला काळा दगड याहून कितीतरी कठीण आहे आणि आपल्याकडे असं गोठतही नाही, पण सांध्यातला चुना तोच, आणि कोंडलेली ओल कुठून तरी वाट काढणारच. तू म्हणालास ना, गेल्या पावसाळ्यापासून सभामंडप गळतोय? आधी वरचे सांधे चुन्यात भरणारा गवंडी शोध. शेजारच्या तालुक्यात जुने हात अजून असतील. खर्चाचा माझा वाटा मी आजच पाठवतो, पण तो चुन्यासाठी, पेंटसाठी नाही.

कमिटीशी भांडू नकोस. त्यांचीही देवावर माया आहे, चकचकीत केलं म्हणजे सेवा झाली असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांना ओलीचं समजावून सांग, ऐकतील.

आणि एक काम कर. ओढ्यावर धुण्याचा तो मोठा दगड आहे ना, आपण पोहून आलो की ज्यावर पालथे पडायचो? त्याच्या खालच्या कडेला घोड्याचे पाय कोरलेत असं माझी आजी म्हणायची. वीरगळ असेल तो. पाणी आटलं की दोघातिघांना घेऊन पहारीने जरासा उचला, सांभाळून, कड तुटू देऊ नका. आणि खालच्या बाजूचा फोटो काढून मला पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच