जॅझची रचना पहिल्या वर्षापासून शिकवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० एप्रिलच्या आंतरराष्ट्रीय जॅझ दिनाच्या आसपास या संगीताविषयी मराठीतही थोडेफार छापून येते आणि त्यात ‘जॅझ उत्स्फूर्त असते, ते शिकवून येत नाही’ अशा अर्थाचे वाक्य बहुधा असतेच. ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. पण ज्याला स्वतःची जॅझ रचना बांधायची आहे त्या विद्यार्थ्याचे या समजुतीने मोठे नुकसान होते, कारण जे शिकवून येत नाही असे एकदा ठरले ते शिकवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. मी पियानो शिकण्यात सात वर्षे घालवली. क्लासमध्ये दरवर्षी परीक्षेचे ठरावीक तुकडे बसवून घेतले जात आणि स्वतः काही रचण्याविषयी विचारले की ‘आधी सगळ्या ग्रेड पूर्ण करा’ असे उत्तर मिळे. ग्रेड पूर्ण झाल्या, पण कोऱ्या कागदापुढे बसल्यावर मला चार बारसुद्धा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, आपल्या आवर्तनासारखा) लिहिता येईनात.

अमेरिकेत ज्यांनी ही कला घडवली त्यांनी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली नव्हती. संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांचे १९३० मधले ‘आय गॉट ऱ्हिदम’ हे गाणे घ्या. त्याच्या सुरावटीखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, मालिका, जिला वादक ‘चेंजेस’ म्हणतात, ती तशीच ठेवून चार्ली पार्करपासून सनी रॉलिन्सपर्यंत अनेक जॅझ वादकांनी वर नवी चाल बांधली. रॉलिन्स यांची १९५४ मधली ‘ओलिओ’ ही रचना अशीच उभी आहे. आठ-आठ बारचे चार भाग, मिळून ३२ बार. पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा वेगळा. आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून जुन्या गाण्याचा मुखडा दिलेला असतो, म्हणजे सुरावट जुनी आणि शब्द नवे. जॅझवाल्यांनी पाया जुना ठेवून सुरावटच नवी केली. यात चोरी नाही, कमीपणा तर नाहीच; नवशिक्याला हात धरून चालवणारी याहून चांगली वाट मला माहीत नाही.

ही वाट मला क्लासने नव्हे, तर आमच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध गोवेकर वादकांनी दाखवली. त्यांनी पहिल्याच दिवशी पियानोचे झाकण लावायला सांगितले आणि तीन कॉर्डमधले फक्त दोन-दोन स्वर गाऊन घेतले. पांढरी एक (पेटीवरची ‘सी’ ही पट्टी) हा सा धरला, तर पहिली कॉर्ड रे म ध सा, दुसरी प नी रे म आणि तिसरी सा ग प नी. पहिल्या कॉर्डमधले सा आणि म गायचे. दुसऱ्या कॉर्डला सा खाली नीवर उतरतो आणि म जागेवर थांबतो. तिसऱ्या कॉर्डला म गवर उतरतो आणि नी थांबतो. एक सूर सरकतो तेव्हा दुसरा वाट पाहतो, एवढेच. पण असंख्य जॅझ रचना याच हालचालीवर चालतात आणि ती गळ्यात बसल्यावर तिच्याभोवती चाल आपोआप सुचू लागते. सात वर्षांत जे झाले नव्हते ते दोन आठवड्यांत झाले, याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना येथे एक मोह पडतो. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ मधल्या ‘सो व्हॉट’चे स्वर काफी थाटाचे आहेत हे कळताच अनेक जण काफीचे आलाप वाजवून त्याला जॅझ म्हणू लागतात. त्या रचनेत १६ बारनंतर तोच थाट आठ बारांसाठी अर्धा सूर वर चढतो आणि शेवटच्या आठ बारांत खाली परततो. खरी रचना या चढण्या-परतण्यात आहे, आणि आपल्या रागाला सा बदलायची सवय नसल्यामुळे तिकडे लक्ष जात नाही.

आणखी एक गोष्ट लिहिण्याची. गोव्यातील चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला आणि लिहायला शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड गाजवले. फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदासाठी काम करू शकले, ते सुचलेले कागदावर उतरवता येत होते म्हणून. उत्स्फूर्ततेच्या नावाखाली लिहिणे टाळणाऱ्यांनी या माणसांकडे पाहावे.

म्हणून क्लासचालकांना आणि परीक्षा घेणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे की, पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडून जुन्या चेंजेसवर आठ बारची स्वतःची चाल लिहून घ्यावी आणि ती दुसऱ्या विद्यार्थ्याने वाजवावी. जॅझ रचनाकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन आपल्या बँडमधल्या एकेका वादकाचा सूर मनात धरून लिहीत. १९४० मध्ये त्यांनी ट्रंपेटवादक कूटी विल्यम्स यांच्यासाठी रचना केली, ती त्यांच्या फुंकीची जात ओळखून. माझे पहिले आठ बार एका सॅक्सोफोन शिकणाऱ्या मुलीने वाजवले तेव्हा पाचव्या बारपाशी तिचा दम संपला, कारण मी श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. तेथला एक स्वर खोडून विराम घातला आणि तिने पुन्हा सुरुवातीपासून वाजवले.

आपला नम्र,
पियानोचा एक विद्यार्थी, ठाणे