उत्तरे चार दिवसांनी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुटी संपली की आमच्या सिडकोत घरोघरी दहावीच्या मुलांमागे एकच धोशा लागतो : ‘वाच, पुन्हा वाच.’ माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना मीही वर्षानुवर्षे तेच सांगितले. चूक उशिरा लक्षात आली.

शेजारचा मुलगा परवा ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा घेऊन आला. तीनदा वाचला होता म्हणे. हायलायटरने पान पिवळेधमक. कोरा राहिला होता तो फक्त पानाचा क्रमांक. पुस्तक मिटायला लावले, कागद दिला आणि म्हटले, बहिर्वक्र भिंगापासून दुप्पट नाभीय अंतरावर वस्तू ठेवली आहे, किरणाकृती काढ. मुख्य अक्ष काढून झाला आणि पेन्सिल तिथेच थांबली. पोरगा ढ नाही. पुन्हा पुन्हा वाचून पान ओळखीचे होते, आणि ओळखीचे झाले म्हणजे पाठ झाले असे वाटू लागते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये हे विद्यार्थ्यांवर तपासून पाहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने विचारले तेव्हा मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे ‘आपल्या छान लक्षात राहील’ असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता! आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणायची रीत होती, ती याच जातीची. समोर पुस्तक नाही, रोज थोडे, अडले की आजी सांगणार. पाढ्यांची घोकंपट्टी म्हणून आपण तिला हसलो, पण पावकी-निमकी म्हणणाऱ्यांची ती सत्तरीतही जात नाही.

गणिताचा घोळ निराळा. मुले एक सरावसंच संपवूनच पुढचा घेतात. वर्गसमीकरणांच्या सरावसंचात सगळी वर्गसमीकरणेच असणार, मग कोणती रीत वापरायची हा विचार करावाच लागत नाही. बोर्डाच्या 40 गुणांच्या पेपरात प्रकरणाचे नाव छापलेले नसते. म्हणून आठवड्यातून एकदा चार प्रकरणांतली उदाहरणे चिठ्ठ्या टाकून काढावीत. सुरुवातीला गुण कमी पडतात, आयांनी घाबरून जाऊ नये.

आता वेळेचे. सकाळी शाळा, दुपारी कॉलेज रोडचा क्लास, रात्री साडेनऊला घरी; आणि हे सगळे तास आपण अभ्यासात धरतो. ते ऐकण्याचे तास. त्यातला एखादा कमी करून रात्री पंधरा मिनिटे पुस्तक मिटून आजचे लिहावे, तेच चार दिवसांनी आणि मग पंधरवड्याने पुन्हा लिहून पाहावे, आणि झोपावे. पहाटे चारचा गजर मला तरी कधी पटला नाही.

आपल्याकडे एक मागणी आहे. परीक्षेच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून सराव प्रश्न येतात, पण बहुतेकदा प्रश्नाखालीच उत्तर असते. मुले दोन्ही एका दमात वाचतात आणि कात्रण फाईलला लावतात. यंदा सोमवारी नुसते प्रश्न छापा, उत्तरे शुक्रवारी. चार दिवस फोन येतील, चिडतील लोक. येऊ द्यात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सिडको, नाशिक