वहीत न लिहिलेला हिशेब

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. मंदीत नोकरी जाऊनही मी सात महिने कोणापुढे हात न पसरता काढले, याचे तुम्ही मनापासून कौतुक केले आहे आणि त्याच ओघात दादाने माझ्याकडून काटकसर शिकावी, असेही लिहिले आहे. कौतुक सुखावून गेले, हे कबूल करते. पण दादाविषयीचे वाक्य मनाला लागले, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

काटकसर मी केली, हे खरेच. रोजचा खर्च वहीत लिहिला, हौसेच्या खर्चाला कात्री लावली आणि दुरुस्त होण्यासारखी वस्तू कधी टाकली नाही. नोकरी गेल्यावर या सवयींमुळे शिल्लक पुरवून वापरता आली; मात्र ती शिल्लक मुळात साठली कशी, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नाही. माझ्या शिक्षणाचा सगळा खर्च तुम्ही केलात, त्यामुळे पहिला पगार हाती आला तेव्हा माझ्या डोक्यावर कर्ज नव्हते. तुम्हाला निवृत्तिवेतन असल्याने दरमहा घरी पैसे पाठवण्याची जबाबदारीही माझ्यावर आली नाही. आणि काहीच जमले नाही तर परत यायला घर होते. त्या घराचा आधार प्रत्यक्ष घ्यावा लागला नाही, पण तो आहे या खात्रीवरच मी दोन कमी पगाराच्या नोकऱ्या नाकारू शकले.

थांबता येणे हीच मोठी मिळकत आहे, असे मला आता वाटते. अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात निम्म्याहून खाली घसरला आणि २०१३ मध्ये पुन्हा जुन्या उंचीवर पोहोचला. ज्यांना मधल्या काळात घरखर्चासाठी शेअर विकावे लागले त्यांचे नुकसान कायमचे झाले. ज्यांना विकण्याची गरज पडली नाही त्यांचे भरून निघाले. यात उधळेपणाचा प्रश्न कुठे येतो?

आता दादाचा हिशेब पाहा. उत्पन्नाचा दहावा हिस्सा मागे टाकणाऱ्याला एका महिन्याच्या खर्चाची तरतूद करायला ९ महिने लागतात; निम्मे उत्पन्न मागे टाकणाऱ्याला एकच महिना पुरतो. मी निम्मे टाकू शकत होते. उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला मोठा वाटा पोटापाण्यावर जातो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच आकडेवारीनिशी दाखवले होते, तेव्हा दादाने कात्री लावायची तरी कशाला? त्यातच काकांच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने महिना ३ टक्के व्याजाने पैसे उचलले. त्या दराने न फेडलेली रक्कम साधारण २४ महिन्यांत दुप्पट होते. माझी ठेव वर्षाला ६ टक्क्यांनी दुप्पट व्हायला १२ वर्षे लागतात. आम्हा दोघांत अधिक काटकसरी तोच आहे, असे मी म्हणेन. फक्त त्याची काटकसर सावकाराच्या खात्यात जमा होते.

मला पुन्हा नोकरी लागून चार महिने झाले आहेत. दादाचे ते कर्ज एकरकमी फेडून टाकावे आणि त्याने मला सवडीने, बिनव्याजी परत करावे, असा माझा विचार आहे. तो मानी आहे, त्यामुळे हे त्याच्याशी मीच बोलेन. तोवर तुम्ही त्याच्याजवळ विषय काढू नये आणि माझा दाखला तर मुळीच देऊ नये, ही विनंती.

आईस नमस्कार सांगावा.

तुमची,
लेक